बोलण्याची विद्या आणि उपजीविका

पेण-रोह्याकडील पालक पुसतात, "बोलावयास शिकून पोट कसें भरेल?" पेण तालुक्यांतील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं, सानेगुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, म्हणून आज ग्रंथरूपानें आपल्या हातीं आहेत. बोलणें आणि ऐकून टिपणें, दोन्ही शिकण्याजोगीं; माझ्या मतें दुसरेंच अधिक अवघड. विद्यापीठांतील संज्ञापनाच्या अभ्यासक्रमांत मुलाखत, वार्तालेखन, ध्वनिमुद्रण यांचा सराव होतो. त्यांतून निवेदक, वार्ताहर, जनसंपर्क अधिकारी होतां येतें. वाचादोषांवरील उपचार हें मात्र निराळें शास्त्र. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेंत तें शिकवितात, आणि त्याच्या पदवीस बारावीला विज्ञान लागतें. तेव्हां ही निवड दहावीनंतरच करावी लागते.