मेमरीतला तक्ता आणि बदल कायम करण्याची वेळ

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीसोबत २००२ साली आलेल्या एडीओ डॉट नेट या विभागाने डेटाबेसशी व्यवहार करण्याची एक वेगळी रीत रूढ केली. जोडणी सतत उघडी ठेवण्याऐवजी हव्या तेवढ्या नोंदी एकदाच वाचून संगणकाच्या मेमरीत तक्त्याच्या रूपात मांडायच्या, जोडणी बंद करायची, तक्त्यात फेरफार करायचे आणि ते एकत्रितपणे डेटाबेसकडे धाडायचे, अशी ही रीत होय. मेमरीतल्या या तक्त्याला ‘डेटाटेबल’ म्हणतात.

कोणते बदल धाडायचे हे कळावे म्हणून तक्त्यातील ओळ आपले मूळ आणि चालू अशी दोन्ही रूपे सांभाळते. पुस्तकाची किंमत २५० रुपयांवरून २७५ केली, तर ओळीत २७५ दिसत असले तरी २५० हा आकडा मूळ रूपात शाबूत राहतो आणि ओळीवर ‘बदललेली’ अशी खूण होते. नव्या ओळीला ‘नवीन’ ही खूण मिळते, तर ‘डिलीट’ केलेली जुनी ओळ लगेच नाहीशी न होता केवळ ‘काढलेली’ म्हणून नोंदली जाते. ‘डेटा ॲडॉप्टर’ हा दुवा या खुणा वाचूनच डेटाबेसला भर घालण्याची, दुरुस्तीची वा काढून टाकण्याची आज्ञा देतो. मूळ रूपाचा उपयोग इथेच संपत नाही. किंमत अजून २५० असेल तरच ती बदलावी, अशी अट आज्ञेत घातलेली असल्यास, दुसऱ्या कोणी मधल्या काळात केलेली दुरुस्ती नकळत पुसली जात नाही आणि ॲडॉप्टर त्रुटी दाखवून थांबतो.

‘ॲक्सेप्टचेंजेस’ ही आज्ञा नेमके हेच मूळ रूप टाकून देते: चालू किंमतच मूळ ठरते, ‘नवीन’ व ‘बदललेल्या’ ओळी ‘अपरिवर्तित’ होतात आणि ‘काढलेल्या’ ओळी कायमच्या जातात. डेटाबेसशी तिचा काडीचाही संबंध नाही. म्हणून ॲडॉप्टर चालवण्यापूर्वी ती दिली, तर त्याला धाडण्यासारखे काहीच सापडत नाही; पडद्यावर २७५ झळकत राहतात, डेटाबेसात २५० तसेच राहतात आणि कुठेही त्रुटी उमटत नाही. अशी मूक चूक शोधणे सर्वांत जिकिरीचे असते. ‘रिमूव्ह’ने ओळ काढल्यासही हाच परिणाम होतो, कारण ती आज्ञा ओळ डिलीट करून तो बदल तत्काळ स्वीकारते.

एरवी ॲडॉप्टर प्रत्येक ओळ यशस्वीपणे धाडल्यावर तिचा बदल स्वतःच स्वीकारतो, त्यामुळे ही आज्ञा वेगळी देण्याची गरज सहसा पडत नाही. खरा पेच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकदम पार पडावेत किंवा एकही पडू नये अशा बांधणीत, उद्भवतो. बिलाचा तक्ता धाडला गेला आणि बिलातील वस्तूंचा तक्ता धाडताना अडचण आली, तर डेटाबेस दोन्ही बदल मागे घेतो. परंतु मेमरीतल्या बिलाच्या ओळी तोवर ‘अपरिवर्तित’ झालेल्या असल्याने पुन्हा प्रयत्न केला तरी त्या धाडल्याच जात नाहीत. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ॲडॉप्टरची ही आपोआप स्वीकारण्याची सवय बंद ठेवता येते, आणि अशा प्रसंगी ती बंद ठेवून, डेटाबेसने ट्रान्झॅक्शन कायम केल्यानंतरच ‘ॲक्सेप्टचेंजेस’ देणे हाच योग्य क्रम आहे.