पाचोळा जाळू नका

पेण तालुक्यातलं आमचं जोहे म्हटलं की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात. मी आज बोलणार आहे ते घरामागच्या परसाविषयी.

दर फाल्गुनात आंबा-फणसाचा पाचोळा मी झाडून पेटवून द्यायचो. एका वर्षी आच लागून आंब्याची फांदी करपली. शेजारच्या आजी धुराने रात्रभर खोकत राहिल्या. त्या दिवसापासून काडी लावणं बंद केलं.

आता त्याच पाचोळ्याचं खत होतं. आपल्याकडे खड्डा पावसात भरून जातो, म्हणून उंचवट्यावर ढीग करावा. तीन घमेली सुका पाचोळा, एक घमेलं भाजीपाल्याचा ओला कचरा, वर मूठभर माती. आंब्याची पानं चिवट, ती चुरून घालावीत. पंधरा दिवसांनी ढीग खालीवर करावा. वास आला तर ओलावा जास्त झाला असं समजून आणखी पाचोळा टाकावा. पावसाळ्यात वर झाप ठेवावं. चार-सहा महिन्यांत काळंभोर खत मिळतं.

उरलेला पाचोळा झाडांभोवती, बुंध्यापासून वीतभर दूर पसरावा. त्याने सरींचा मार मातीला बसत नाही आणि उन्हाळ्यात ओल टिकते.

शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली, तर खाली बसलेली माती कारखान्यात पुन्हा कामी येते. झाडाखाली तिचा जाड थर मात्र देऊ नये, पाणी मुरत नाही. प्लास्टरचे तुकडे तर परसात टाकूच नयेत. त्यांची माती होत नाही.