दयेपासून हक्कापर्यंत: बाभुळगाव तालुक्यातील दिव्यांगांची वाटचाल

१९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा विदर्भातील अपंग माणसाला कायद्याचा कोणताही आधार नव्हता. कुष्ठरुग्णांना कष्टाची भाकरी मिळवून देणाऱ्या त्या प्रयोगाने दयेऐवजी कामाची भाषा रुजवली, हे त्याचे मोठेपण होय. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात मात्र अपंगांची जबाबदारी त्यानंतरही दीर्घकाळ घरच्यांवरच राहिली. १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे निराधारांना दरमहा काही रक्कम मिळू लागली, तरी ती मदत होती, हक्क नव्हता.

हक्काची भाषा १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणली. या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार २१ केले आणि आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. तथापि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ज्याला चालता येत नाही, त्यानेच आधी जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जावे, ही या व्यवस्थेतील सर्वांत दुखरी विसंगती आहे. बाभुळगावहून यवतमाळला जाणाऱ्या शेतमजुराच्या घरात दिव्यांगासोबत आणखी एकाची मजुरी बुडते आणि एसटीची उंच पायरी चढवायला कुणाचा तरी हात लागतोच. युडीआयडी, म्हणजे देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र, आल्याने कागद वारंवार दाखवण्याचा त्रास कमी झाला. त्यावरील पिवळी पट्टी ४० ते ७९ टक्के, तर निळी पट्टी ८० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व दर्शवते.

२०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. गावपातळीवर अधिक मोलाची तरतूद मात्र वेगळीच आहे: ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी यांसारख्या स्वतःच्या वसुलीतील, ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. दोन लाख रुपये स्वउत्पन्न असलेल्या गावात हा वाटा वर्षाला दहा हजार रुपयांचा होतो. रक्कम लहान असली तरी तिचा हिशेब गावातच मागता येतो, त्यासाठी यवतमाळ वा मुंबई गाठावी लागत नाही. म्हणून तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेत तो मागितला जावा, आणि ती सभा पायऱ्या नसलेल्या जागी भरवली जावी.