मोबाइलमधील दोषी धारित्र कसे शोधतात?

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावीही आता मोबाइल दुरुस्तीची दुकाने दिसतात. तेथील कारागीर उघडलेल्या मोबाइलच्या मंडलावर मल्टिमीटरची टोके टेकवितो आणि मधूनच शिटी वाजते. तिचा अर्थ काय?

मंडलावरचे तपकिरी कण म्हणजे धारित्रे. त्यांतील पुष्कळशी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतात व त्यांच्यावर काहीच छापलेले नसते. सिरॅमिक आणि धातू यांचे पातळ थर आलटून पालटून रचून ती बनवितात. त्यांतून एकदिश धारा जात नाही. पण मोबाइल पडून मंडल वाकले, की सिरॅमिकला तडा जातो, कधी धातूचे थर एकमेकांस भिडतात, आणि शॉर्ट सर्किट होते.

आता बॅटरी काढून मल्टिमीटरचे एक टोक मंडलावरील धातूच्या कवचास व दुसरे धारित्राच्या पुरवठ्याकडील टोकास लावले. शिटी वाजली. दोषी सापडले काय? मुळीच नाही! एकाच पुरवठ्यावर अशी कितीतरी धारित्रे समांतर जोडणीत असतात, आणि समांतर जोडणीचा परिणामी रोध त्यांतील सर्वांत लहान रोधाहूनही कमी असतो. एकाचा रोध शून्यावर आला, की सर्वांवर शिटी वाजणारच. शाळेत तीन रोधक समांतर जोडा, एकावर तार आडवी ठेवा आणि कोठेही मोजून पाहा. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. मंडलातील १०० ओहमच्या रोधकावर ४० ओहम दिसले तर काहीच ठरत नाही. १५० दिसले, तर तो खास बिघडलेला.

शिवाय शिटी म्हणजे शून्य नव्हे. काही मल्टिमीटर ३०-४० ओहमलाही वाजतात, आणि प्रोसेसरच्या पुरवठ्याचा रोध चांगल्या मोबाइलातही फार कमी असतो. म्हणून आकडा वाचावा व त्याच प्रकारच्या चांगल्या मंडलाशी ताडून पाहावा.

मग एकेक धारित्र उपटून पाहायचे? नको; येथे ज्यूलचा नियम कामी येतो. कारागीर त्या पुरवठ्यास बाहेरून सुमारे १ व्होल्ट विभवांतर देतो. नेहमीपेक्षा अधिक मात्र कधीच नाही. समजा, २ अँपिअर धारा वाहिली, तर दर सेकंदास २ ज्यूल उष्णता निर्माण होते, आणि तिच्यातील बरीचशी त्या इवल्याशा कणात! मंडलावर आधीच राळेच्या धुराचा पांढरा थर दिलेला असतो. दोषी धारित्रावर तेवढाच तो वितळून पारदर्शक होतो.

ते काढताच शिटी थांबते. पुष्कळदा मोबाइल त्याच्याविनाही चालू होतो, कारण उरलेली धारित्रे त्याचे काम वाटून घेतात. ‘बोर्ड गेला’ म्हणून टाकलेले कित्येक मोबाइल असे वाचतात. धारित्राऐवजी प्रोसेसरच तापू लागला, तर मात्र कारागीर मान हलवितो.