वॉटर पोलो खेळणारी स्त्री

हातकणंगले तालुक्याच्या एका अंगाला वारणा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा. अशा मुलखांत पोहणें शाळेंत शिकवावें लागत नसे; पाठीला सुका भोपळा बांधून वडीलधाऱ्यानें विहिरींत सोडलें कीं चार-आठ दिवसांत काम होई. कुस्तीचें वेड तर साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला आहेच. ह्या दोन विद्या एकत्र केल्या म्हणजे जें होईल तें वॉटर पोलो. ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांनीं तूर्त पाण्यांतील कुस्ती एवढीच कल्पना डोळ्यांपुढें ठेवावी.

खेळ आपणांस अगदींच परका नाहीं. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपल्या पुरुषांचा संघ उतरला होता आणि १९५१ सालीं दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकचा तलाव २००० सालीं सिडनी येथें खुला झाला. पुरुष तेथें १९०० पासून खेळत होते. म्हणजे पुरी शंभर वर्षें मध्यें गेलीं!

एका बाजूच्या सात जणी पाण्यांत असतात, त्यांतील एक गोल राखणारी. सामन्याचे चार भाग, प्रत्येक आठ मिनिटांचा. गोल राखणारीखेरीज कोणीहि चेंडू दोन्ही हातांनीं धरावयाचा नाहीं, आणि तळाला पाय टेकून उभें राहावयाचें नाहीं. मग एक हात उंचावून, कमरेपर्यंत पाण्याबाहेर येऊन ही मुलगी चेंडू फेकते तरी कशी? सारें रहस्य पायांत आहे. बेडकाप्रमाणें दोन्ही पाय एकदम झाडले तर शरीर वर उसळतें व लगेच खालीं बसतें. म्हणून ती पाय आळीपाळीनें फिरविते. ताकाच्या दोन रव्या शेजारीं उभ्या करून एक डावीकडे व दुसरी उजवीकडे फिरवावी, तसे गुडघ्याखालचे पाय एकमेकांच्या उलट फिरत राहतात. एक ना एक पाय पाणी सतत खालीं दाबतो, त्यामुळें शरीर स्थिर राहतें आणि हात मोकळे होतात. प्रतिस्पर्धी ओढीत असतां, पोहण्याचा पोशाख मुठींत धरून खेंचीत असतां हें चालवावयाचें! विहिरींत पोहणें शिकलेल्या आपल्या मुलीला श्वास आणि धीर हे दोन गुण आयते मिळालेले असतात. पाय मात्र नव्यानें शिकावे लागतील, आणि त्याला वर्षें लागतात.

या विद्येंत जिनें अलीकडे सर्वाधिक नांव मिळविलें ती कॅलिफोर्नियाची मॅगी स्टेफन्स. जन्म १९९३ चा. वडील पोर्टो रिकोकडून हाच खेळ खेळलेले आणि थोरली बहीण जेसिका अमेरिकेच्या संघांत. घरांतच तालीम म्हणावयाची. २०१२ सालीं लंडनला हंगेरीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यांत तिनें सात वेळां चेंडू मारला व सातहि वेळां गोल झाला. त्या स्पर्धेंत तिचे एकवीस गोल झाले. तेव्हां ती एकोणीस वर्षांची होती. पुढें रिओ येथें २०१६ मध्यें आणि टोकियो येथें २०२१ मध्यें तिच्या संघानें पुन्हा सुवर्णपदक जिंकलें. टोकियोस तर ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या एकूण गोलांचा विक्रमहि तिच्या नांवावर जमा झाला.

एवढ्या यशानंतर पोटापाण्याची ददात नसावी, असें आपणांस वाटेल. पण २०२४ च्या मे महिन्यांत हिनेंच इन्स्टाग्रामवर लिहिलें कीं, ऑलिंपिकच्या बहुतेक खेळाडूंना दुसरी, क्वचित् तिसरीहि नोकरी करावी लागते. तें वाचून फ्लेवर फ्लेव्ह हा विख्यात रॅप गायक पुढें आला आणि त्यानें संघाला आर्थिक आश्रय दिला. संघाचें भाग्य थोर. परंतु तीन सुवर्णपदकांनीं जें झालें नाहीं तें एका गायकाच्या लहरीनें व्हावें, हें मला विचित्रच वाटतें.

आपल्याकडे वाट निराळी आहे. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. कोल्हापूरचे जलतरणपटु वीरधवल खाडे यांनीं २०१० च्या आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लायमध्यें कांस्यपदक मिळविलें. ते तहसीलदार झाले. चरितार्थाचा प्रश्न सुटला खरा, पण कचेरी आणि तलाव यांची वेळ जमेना, आणि ऐन उमेदीचीं कांहीं वर्षें सरावावांचून गेलीं. अमेरिकेंत नोकरी शोधून सराव सांभाळावयाचा, येथें नोकरी मिळाल्यावर सराव शोधावयाचा. दोहोंकडे तासांचा हिशेब तोच. आणि रवीसारखे फिरणारे पाय तर दोन महिन्यांच्या खंडानेंहि मंदावतात.

पॅरिसला, २०२४ च्या ऑगस्टमध्यें, स्टेफन्सचा संघ उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाकडून पेनल्टींवर हरला. कांस्यपदकाच्या सामन्यांत नेदरलँड्सनें अगदीं शेवटच्या क्षणीं गोल करून ११-१० अशी बाजी मारली. एकतिसाव्या वर्षीं, चौथ्या ऑलिंपिकमध्यें, ती प्रथमच पदकाविना परतली.