खुडूक, तलंग, पाठ : दारच्या जनावरांची भाषा

‘आमची तलंग अंड्यावर आली’ हे माणदेशातील कोणत्याही घरी सहज कानावर पडणारे वाक्य आहे. ‘आमच्या कोंबडीने अंडी घातली’ असा त्याचा परभाषेत अनुवाद केला, तर व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही; आशय मात्र निसटतो. तलंग म्हणजे जिचे पिल्लूपण संपले आहे, पण जी अद्याप अंड्यावर आलेली नाही अशी कोंबडी. पाच-सहा महिने तिने दाणे खाल्ले आणि काहीच परत दिले नाही. घार, मुंगूस, बोका आणि पाहुणा ह्या चौघांच्याही तावडीतून ती वाचली. आता तिच्यापासून उत्पन्न सुरू झाले, एवढा सगळा मजकूर त्या चार शब्दांत आहे. वाक्य उच्चारणारी बहुधा स्त्री असते, आणि तिच्या दृष्टीने ही बातमी नोकरीवर लागलेल्या मुलाच्या पहिल्या पगाराच्या जातीची असते.

प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा माग काढण्याचा हेतू आहे. हे शब्द कोशांत सापडत नाहीत असे नव्हे. पण कोश प्राण्याचे वय आणि अवस्था सांगतो. तो प्राणी घरात कोणाचा मानला जात होता, हे सांगणे त्याचे काम नाही. ग्रामीण आणि दलित साहित्य वाचताना मात्र पुष्कळदा नेमके तेवढेच ठाऊक असावे लागते. विवेचनासाठी साताऱ्यातील माण व खटाव, सांगलीतील आटपाडी व जत आणि सोलापुरातील सांगोला हा कमी पावसाचा सलग टापू घेतला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (1949) आणि ‘बनगरवाडी’ (1955) ह्या पुस्तकांमुळे तो मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही. येथे एक भेद आरंभीच केलेला बरा. ‘बनगरवाडी’तली मेंढरे हा धनगरांचा व्यवसाय आहे, कळप घेऊन मैलोगणती हिंडणे, दुसऱ्याच्या रानात मेंढरे बसवणे, लोकर कातरणे ही त्याची अंगे. दारात बांधलेल्या दोन शेळ्या आणि ओट्याखालच्या खुराड्यातल्या पाच कोंबड्या हा वेगळा संसार आहे. त्याला कोणी व्यवसाय म्हणत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो साहित्याच्या अभ्यासातही दुर्लक्षित राहिला.

ह्या घरांत जनावरांची एक अलिखित वाटणी असते. बैल, आणि असलीच तर गाय किंवा म्हैस, ही घराची. म्हणजे व्यवहारात पुरुषाची. त्यांची खरेदी-विक्री पुरुष करतो, बाजारात त्यांचे दात तो पाहतो. कोंबड्या आणि शेरडे बाईची. ‘शेरडं माजी, बैलं मालकांची,’ असे एका म्हाताऱ्या बाईंनी प्रस्तुत लेखकाला सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. ज्वारी रब्बीला पेरतात हे सांगावे तसे ते सांगणे होते. अंडी विकून येणारे चार पैसे ती मीठ-मिरचीला, मुलाच्या पाटीपेन्सिलीला, माहेरी जाण्याच्या एसटीला वापरते, आणि त्यांचा हिशेब तिला सहसा कोणी विचारत नाही. अंडे घरात खाल्ले जाते ते आजाऱ्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी. कित्येक गावांत अंडी थेट दुकानात नेऊन त्यांच्या बदल्यात तेल किंवा चहापत्ती आणण्याची रीत होती. तेथे अंडे हे नाणेच होते म्हणा ना. कथेतील सासरा पाहुण्यापुढे ऐट म्हणून ‘कोंबडी कापा’ असे फर्मावतो आणि सून क्षणभर गप्प राहते, तेव्हा त्या गप्प राहण्यात जीवदया शोधण्याची गरज नाही. तिची पेटी कोणीतरी उघडलेली असते.

कोंबड्यांचा दिवस सोपा असतो. सकाळी खुराड्याची फळी काढली की त्या उकिरड्यावर जातात आणि आपले पोट आपण भरतात. कष्ट आहेत ते संध्याकाळी. अंधार पडायच्या आत पक्षी मोजून आत घ्यायचे आणि पिल्लांवाली कोंबडी पिल्लांसकट डालग्याखाली झाकायची. डालगे म्हणजे विणलेली मोठी टोपली. तिच्यावरून ‘डालणे’ हे क्रियापद आले, आणि तिन्हीसांजेला ‘कोंबड्या डालल्या का?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. हे डालगे कोण विणते, हा प्रश्न साहित्याच्या वाचकाने जरूर विचारावा. फोकाच्या टोपल्या आणि डाली विणणे हा कैकाडी समाजाचा परंपरागत व्यवसाय. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या ह्या माणसांचे जगणे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (1980) ह्या आत्मकथनाने मराठी वाचकापुढे आणले. गावातल्या बाईची मिळकत रात्रभर ज्या टोपलीखाली सुरक्षित राहते, ती विणणाऱ्याला त्या गावात घर नसते.

आता खुडूक. अंड्यांचा एक हंगाम संपला की कोंबडीला उबवण्याची ओढ लागते. ती कोपरा धरून बसते, जवळ गेल्यास पिसे फुलवून गुरगुरते, खाणे कमी करते आणि अंडी देणे थांबवते. अशी कोंबडी ‘खुडूक झाली’ किंवा ‘खुडूक बसली’ असे म्हणतात. माणूस तोंड फिरवून कोपऱ्यात बसला की त्यालाही हाच शब्द लागतो. ही कोंबडी आजारी नसते, रुसलेलीही नसते. पण मूळ व्यवहार ठाऊक नसला तर अनुवादात ती ह्या दोहोंपैकी काहीतरी एक होऊन बसते. खुडूक कोंबडीपुढे बाईला निर्णय करावा लागतो. राखेच्या किंवा भुशाच्या टोपलीत दहा-बारा अंडी ठेवून तिला बसवायचे, म्हणजे एकवीस दिवस आणि पुढे पिल्ले मोठी होईपर्यंतचे दोन-तीन महिने तिच्या अंड्यांवर पाणी सोडायचे. किंवा तिला पाण्यात बुचकळून खुडूक मोडायची आणि लवकर पुन्हा अंड्यावर आणायची. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठेक अंडी देते. त्यांतली बारा बसवायला ठेवणे म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा पेरण्यासारखे आहे. शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवण्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या दुसऱ्या बियाण्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही.

हे पेरलेले उगवेलच असेही नाही. कोंबड्यांच्या ज्या साथीला पशुवैद्यक ‘राणीखेत’ म्हणतात, तिचे खेड्यातले नाव मानमोडी. कुमाऊँमधील एका गावाचे नाव लागलेला हा रोग भारतात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ओळखला गेला. पक्ष्याची मान पिळवटते, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. आता ह्यावर लस आहे. पण ती देण्याची सोय मोठ्या शेडवर जितकी सहज होते, तितकी पाच कोंबड्यांच्या दारी होत नाही. अभ्यासकासाठी येथे एक खाचखळगा आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडी हेच नाव होते. म्हणून ‘मानमोडीत घर बसलं’ असे वाक्य आले की काळ आणि बोलणारी व्यक्ती पाहूनच ठरवावे लागते, माणसे गेली की कोंबड्या.

शेळीची शब्दसंपत्ती अधिक बारीक आहे. सरसकट शेळ्यांना शेरडे, पिल्लू ते करडू, वाढीला लागलेली मादी ती पाठ, नर तो बोकड. पाठ ठेवायची आणि बोकड विकायचा हा साधा नियम. त्यामुळे गोठ्यात मादी जन्मली की घर वाढते. माणसांच्या बाळंतपणात उलट बोलणाऱ्या तोंडांतूनच ‘दोन पाठी झाल्या’ हे समाधानाने सांगितले जाते, ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही असे नव्हे, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत शेळी विते, आणि उस्मानाबादी जातीत जुळी करडे नेहमीची. लिंबाचा पाला, बोराटी, बाभळीच्या शेंगा एवढ्यावर ती दुष्काळ काढते. म्हशीचा चारा संपला की म्हैस बाजार दाखवते. शेळी टिकते, आणि अगदीच नड आली तर दवाखान्यासाठी किंवा लग्नासाठी एका दिवसात पैसा होते. मराठीतल्या शेळीच्या म्हणी मात्र ह्या बाईच्या तोंडच्या वाटत नाहीत. ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ ह्या म्हणीत शेळी आहे, खाणारा आहे. जिने ती वाढवली ती कोठेच नाही.

जिच्यापाशी शेळी घेण्यापुरतेही पैसे नाहीत तिच्यासाठी वाट्याची पद्धत आहे. एकीने पाठ द्यायची, दुसरीने ती सांभाळायची, आणि होणारी करडे निम्मी निम्मी. ‘वाट्यानं दिली’, ‘अर्धलीनं घेतली’ असे म्हणतात. शेतजमिनीच्या अर्धलीचा शब्द येथे जसाच्या तसा आला आहे, पण कागद नाही, साक्षीदार नाही, आणि दोन्ही पक्षांना पुष्कळदा बायका असतात. पहिल्या वेताचे कोणाचे, एकच करडू झाले तर काय, मूळ शेळी शेवटी कोणाकडे, ह्याचे ठराव गावागावांत निराळे. शेळी मेली तर एकीची जित्राबाची आणि दुसरीची श्रमाची बुडीत. कथेत ‘तिनं माझी शेळी वाट्यानं घेतली होती’ असे वाक्य आले तर त्या दोघींतले नाते कर्जाचे, भागीदारीचे आणि शेजारधर्माचे एकाच वेळी असते. ह्यांपैकी एकच पैलू उचलणारा अनुवाद त्यांच्या पुढच्या भांडणाला निष्कारण क्षुद्र ठरवतो.

शेळीचा मोठा शत्रू लांडगा नव्हे, दुसऱ्याचे उभे पीक. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने ‘गुरे’ ह्या संज्ञेत हत्ती-उंटांपासून शेळ्या आणि करडांपर्यंत सर्वांचा समावेश केला. पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचे, ही व्यवस्था त्यातूनच पक्की झाली. ज्याला रान आहे त्याची शेळी बांधावर चरते. जिला रानच नाही तिची शेळी जाईल तेथे दुसऱ्याचीच हद्द. दया पवारांच्या ‘कोंडवाडा’ (1974) ह्या कवितासंग्रहाच्या नावाला केवळ ‘तुरुंग’ असा प्रतिशब्द देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की कोंडवाड्यातला कैदी आपण होऊन सुटू शकत नाही, आणि त्याचा गुन्हा भुकेचा असतो. पुढे आदर्श गावांच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आली. डोंगर हिरवे झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शेळी मोकळी सोडायची नाही ह्या नियमाचा भार जिच्यापाशी वैरणीचे रान नाही तिच्यावर सर्वांत अधिक पडतो, आणि ग्रामसभेच्या ठरावात तो कोठे दिसत नाही.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर यांची ‘पात्तुम्मायुडे आडु’, म्हणजे ‘पात्तुम्माची शेळी’, ही 1959 साली प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी वाचलेली असते. लेखकाची पुस्तके खाणारी शेळी म्हणून ती सर्वांच्या स्मरणात आहे, आणि तो प्रसंग आहेही तसाच. पण शेळी बहिणीची आहे, दूध तिचे आहे, आणि त्या दुधावर घरातल्या इतर बायकांचा डोळा आहे, त्या ते चोरून काढतात, हा कथेचा दुसरा धागा माणदेशातल्या कोणत्याही बाईला एका ऐकण्यात कळेल. बशीरांनी पुस्तकाला ‘बायकांची अक्कल’ अशा अर्थाचे पर्यायी नाव दिले होते. केरळातले एकत्र घर आणि माणदेशातले धाब्याचे घर ह्यांत साम्य थोडे. पण शेळी कोणाची आणि दूध कोणाचे हे दोन प्रश्न दोन्हीकडे वेगळे आहेत.

सरकारी मराठीने ह्या सर्वाला ‘शेळीपालन’ आणि ‘परसातील कुक्कुटपालन’ अशी नावे दिली. दुसऱ्या नावातला परस माणदेशी घरात शोधूनही सापडणार नाही. खुराडे असते पुढच्या दारी, ओट्यात किंवा भिंतीच्या पायाशी, रात्री खुडबुड ऐकू यावी म्हणून. शब्द कसाही असो, ज्याला तो लावला जातो ती गोष्ट संपलेली नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात शेळ्या 14 कोटी 88 लाख भरल्या, आणि घरगुती कोंबड्या सुमारे 31 कोटी 70 लाख, म्हणजे 2012 पेक्षा जवळपास 46 टक्क्यांनी अधिक. मोठ्या शेडवरच्या पक्ष्यांची वाढ ह्या तुलनेत पुष्कळ कमी होती. गणना पक्षी मोजते, भरपाईही पक्षी मोजूनच मिळते. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या शेडबरोबर आसपासच्या गावांतली घरगुती खुराडीही रिकामी करण्यात आली. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी तेथे एक पक्षी ठरते; तिच्याखालची बारा अंडी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

योजनांमधून आलेल्या गिरिराज, वनराज ह्या सुधारित जाती अंडी आणि वजन दोन्ही अधिक देतात. त्या सहसा खुडूक होत नाहीत. निवडीने जाती सुधारताना तो गुण मागे पडला. त्यामुळे पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात, आणि विकत आणायची तर पैसे पुरुषाच्या खिशातून येतात. जिला हे टाळायचे असते ती अजून एक मार्ग काढते. सुधारित कोंबडीची अंडी साठवायची, शेजारणीची गावठी कोंबडी खुडूक झाली की ती मागून आणायची, आणि पिल्ले निघाली की त्यांतली निम्मी तिला वाट्यानं द्यायची.