बिअरसाठी पाणी किती? हिशेब शेवटापासून मांडा

अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती बनवणं आजही गुन्हा आहे.) तिथले हौशी लोक बहुधा तयार मॉल्ट-अर्कापासून सुरुवात करतात. पुढची पायरी म्हणजे ‘ऑल-ग्रेन’, थेट धान्यापासून बिअर. तिथे पहिला प्रश्न उभा राहतो: पाणी किती घ्यायचं?

मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे मॉल्ट. मोड येताना दाण्यातली अमायलेज विकरं कामाला सज्ज होतात. मोड आलेल्या नाचणीच्या सत्त्वाची खीर पातळ राहते, तीही याच विकरांमुळे. भरडलेला मॉल्ट 65 ते 68 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवला की ती स्टार्च तोडून साखर बनवतात. हे मॅशिंग, त्यातून निघणारा गोड द्राव म्हणजे वर्ट.

मॅशसाठी किलोभर मॉल्टला साधारण अडीच ते साडेतीन लिटर पाणी घेतात. दाट मॅशमध्ये विकरं उष्णतेपुढे जास्त वेळ टिकतात, तर पातळ मॅश ढवळायला सोपा आणि त्यात गुठळ्या कमी. या मर्यादेत साखर नीट तयार होते, म्हणून नवशिक्याने तीन लिटर धरावं.

या प्रमाणावर तापमानही अवलंबून असतं. कोरड्या मॉल्टची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे 40 टक्के असते. 20 अंशांचा मॉल्ट घालून मॅश 66 अंशांवर आणायचा, तर किलोला तीन लिटर या प्रमाणात पाणी सुमारे 72 अंशांचं लागतं; दोनच लिटर घेतलं तर 75 अंशांचं. भांडंही उष्णता शोषतं, म्हणून ते आधी गरम पाण्याने तापवून घ्यावं.

एकूण पाण्याचा हिशेब मात्र शेवटापासून मागे मांडत यावा. समजा, 5 किलो मॉल्टपासून 20 लिटर वर्ट आंबवायला ठेवायचा आहे. तळाच्या गाळात 1 लिटर जातो, गरम द्राव थंड होताना सुमारे 1 लिटरने आकसतो, तासाभराच्या उकळीत 3 लिटरची वाफ होते. म्हणजे उकळीआधी 25 लिटर हवेत. शिवाय मॉल्ट किलोला सुमारे 1 लिटर पाणी धरून ठेवतो. हे 5 लिटर परत मिळत नाहीत. एकूण पाणी झालं 30 लिटर. त्यातलं 15 लिटर मॅशला, उरलेलं 15 लिटर धान्य धुऊन राहिलेली साखर काढायला, म्हणजे स्पार्जला. ते 77 अंशांच्या आत ठेवावं. पाणी फार तापलं आणि धुताना सामू चढला, तर सालींतलं तुरट टॅनिन उतरतं. मॅशचं भांडं निवडताना मॉल्टचीही जागा धरावी: 15 लिटर पाणी आणि 5 किलो मॉल्ट मिळून 18 लिटरच्या वर भरतात.

आकड्यांत थोडी चूक झाली तरी घाबरू नये. वर्ट कमी पडला तर पाणी घालता येतं, जास्त झाला तर उकळी लांबवता येते. जास्त तापून निकामी झालेली विकरं मात्र परत जिवंत होत नाहीत. म्हणून लिटरमापाइतकीच थर्मामीटरवरही नजर हवी. आणि वाफेचा आकडा कुणाकडून उसना घेऊ नये: पहिल्या खेपेआधी आपल्याच भांड्यात, आपल्याच शेगडीवर नुसतं पाणी तासभर उकळावं आणि किती घटलं ते मोजून लिहून ठेवावं.